फोटोखालची ओळ

"तुझी ती सुरतेची फोटो-वही लोक वाचतात तरी कशी? आमचे फोटो तर आमची आईसुद्धा बघत नाही!" मंडळाच्या ग्रुपवर गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न इतक्यांदा आला, की शेवटी संपादकांनीच सांगितलं, एकदाचं लिहून टाक. म्हणून हा लेख. गंमत अशी, की विचारणाऱ्या सगळ्यांच्या तोंडी 'वाचतात' येतं, 'बघतात' येत नाही. माझ्या मते निम्मं उत्तर तिथेच आहे.

वही म्हणजे काय ते आधी सांगते, कारण सगळ्यांना माहीत असेलच असं नाही. माझं घर सुरतेला, लिंबायत भागात, शिक्षणासाठी इथे. दर रविवारी सकाळी मी सुरतेचा एक फोटो ऑनलाइन टाकते आणि त्याच्याखाली मराठीत पाच ते पंचवीस ओळी. बस, एवढंच. पहिल्या वर्षी घरचे धरून अकरा वाचक होते, आता दर आठवड्याला तीन-चारशे होतात. आकडा मोठा नाही. मांजराच्या एखाद्या व्हिडिओला तो पाच मिनिटांत मिळतो. पण हे तीन-चारशे जण पुढच्या रविवारी परत येतात, वाद घालतात, भर घालतात आणि स्वतःच्या कपाटातले जुने फोटो पाठवतात. माझ्यासाठी 'वाढणं' म्हणजे हे.

कॅमेरा कुठला, हा दुसरा प्रश्न. साधा मोबाइल, चार वर्षांचा. विषय संपला.

आता सुरतच का? मराठी माणसाला सुरत म्हटलं की १६६४ आणि १६७० ही दोन सालं आठवतात, शाळेत पाठ केलेली. त्यानंतर एकदम १९९४ चा प्लेग. (२०२२ च्या जूनमध्ये आणखी एक आठवण जमा झाली, ती इथे नको.) मधल्या आणि नंतरच्या सुरतेत राहणाऱ्या लाखो मराठी माणसांचं काय, हे कुणाच्या फारसं गावी नसतं. उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम इथे फिरलात तर दुकानांच्या पाट्यांपासून भांडणांपर्यंत सगळं मराठी आणि अहिराणीत ऐकू येईल. सुरतेची महानगरपालिका गुजरातीबरोबर हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू, इंग्रजी आणि मराठी माध्यमाच्याही प्राथमिक शाळा चालवते. मी तशाच मराठी शाळेत शिकले. सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव असा जातो. खानदेशातला माणूस कामाला मुंबईपेक्षा सुरतेला जास्त सहज का गेला, हे या मार्गाच्या नकाशावरून कळतं. पण ही वस्ती मराठी पुस्तकांत फारशी नाही आणि गुजराती पुस्तकांतही फारशी नाही. तिचे फोटो मात्र रोज हजारोंनी निघतात. निघतात आणि मोबाइल बदलला की जातात.

तर मुद्दा असा : फोटोंची मालिका वाढते ती फोटोंच्या संख्येने नाही, खालच्या ओळीने. साहित्य मंडळाच्या अंकात हे सांगणं सोयीचं आहे म्हणून सांगत नाही. यातलं जगातलं सगळ्यात माहितीतलं उदाहरण बघा. ब्रँडन स्टँटन नावाच्या तरुणाने २०१० मध्ये न्यूयॉर्कमध्ये फोटो काढायला सुरुवात केली. दहा हजार माणसांचे फोटो काढून शहराच्या नकाशावर लावायचे, असा त्याचा बेत होता. म्हणजे मोजणीच जवळजवळ. पुढे तो माणसांशी बोलायला लागला आणि त्यांच्या तोंडची दोन-चार वाक्यं फोटोखाली द्यायला लागला. 'ह्यूमन्स ऑफ न्यूयॉर्क' खऱ्या अर्थाने वाढलं ते त्या वाक्यांमुळे. फोटो आधीही चांगलेच होते. पण चांगला फोटो बघून माणूस 'वा' म्हणतो आणि अंगठा वर सरकवतो. वाक्य वाचलं की अंगठा थांबतो.

आता ओळ लिहायची कशी? 'हेरिटेज व्हाइब्स' किंवा 'माझं शहर, माझा श्वास' ही ओळ नव्हे. ही कुठल्याही शहराच्या कुठल्याही फोटोखाली चालते, म्हणजेच ती कुठलीच नाही. माझी सवय अशी : जागा, दिवस, वेळ आणि माणूस असेल तर त्याच्या परवानगीने त्याचं नाव. हे झालं हिशोबाचं. त्यानंतर फोटोत जे दिसू शकत नाही असं काहीतरी एक. आवाज, वास, भाव, आधी इथे काय होतं, फोटो काढल्यावर पुढच्या मिनिटाला काय झालं, यातलं काहीही. जे दिसतंय तेच पुन्हा लिहायचं नाही. म्हातारीचा फोटो आणि खाली 'एक म्हातारी', याला काय अर्थ आहे?

एक उदाहरण जरा सविस्तर देते. कतारगाम दरवाज्याजवळ जुनी इंग्रज आणि डच दफनभूमी आहे. दोन्ही पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. सतराव्या शतकात सुरत हे पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं आणि इथल्या युरोपीय व्यापाऱ्यांनी मेल्यावरही एकमेकांशी चढाओढ केली असं तिथल्या कबरी बघून वाटतं : घुमट, सज्जे, खांब, सगळा थाट आपल्याकडच्या नबाबी मकबऱ्यांचा. त्यातल्या एका भव्य डच कबरीचा फोटो सुरतेतला प्रत्येक फोटो काढणारा कधी ना कधी काढतो. संध्याकाळचा उजेड, घुमट, वर पोपट. सुंदर. पण खाली काय लिहायचं?

मी लिहिलं ते साधारण असं. ही कबर हेंड्रिक व्हान रीडची. मलबारात डच कंपनीचा मोठा अधिकारी. १६९१ मध्ये सुरतेकडे येताना जहाजावरच वारला आणि इथे पुरला गेला. या माणसाने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्तुस मलाबारिकुस' नावाचा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, जो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. आणि त्यात रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचं निवेदन नागरी लिपीत छापलेलं आहे. म्हणजे आपण आज ज्या लिपीत हा अंक वाचतोय ती लिपी साडेतीनशे वर्षांपूर्वी हॉलंडमध्ये छापली गेली, ती या घुमटाखाली झोपलेल्या माणसामुळे.

त्या रविवारी वहीला एकदम नवे वाचक आले. वनस्पतिशास्त्र शिकणारे, गोव्याचे कोकणी भाषक, केरळातला एक मराठी बँक कर्मचारी. फोटो तोच होता जो इतर शेकडो जणांनी काढलाय. माझ्यापेक्षा चांगला काढलाय असंही म्हणेन. (जाता जाता : पुरातत्त्व खात्याच्या जागी हातात मोबाइल असला तर सहसा कुणी अडवत नाही, पण ट्रायपॉड उघडला की परवानगीचं पत्र लागतं.)

दुसरं उदाहरण छोटं. आमच्या भुसावळ मार्गावर नवापूर स्टेशन लागतं. महाराष्ट्र आणि गुजरातची हद्द या स्टेशनातूनच जाते. तिथल्या एका बाकावर मधोमध हद्द रंगवलेली आहे, अर्धा बाक महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. त्या बाकाचा फोटो तुम्ही बघितला असेल. नसेल तर शोधा, ढिगाने मिळतील. मला त्या स्टेशनावर आवडतात त्या घोषणा, एकच गाडी मराठीत, गुजरातीत, हिंदीत, इंग्रजीत येत राहते. फोटोत घोषणा येत नाही. म्हणून मी बाकाऐवजी भोंग्याचा फोटो काढला आणि खाली घोषणेबद्दल लिहिलं. आणि जरीचं एक. आपण पैठणीचं कौतुक येवल्याच्या नावाने करतो, ते बरोबरच आहे. पण पैठणीला लागणारी जर पिढ्यान्‌पिढ्या सुरतेहून गेली आहे. सुरतेतल्या जरीच्या रिळाच्या फोटोखाली एवढं लिहिलं, की मराठी वाचक स्वतःच्या आईच्या कपाटापर्यंत जाऊन येतो.

निवड हा प्रकार मात्र निष्ठुरपणे करावा लागतो. उत्तरायणाला, १४ जानेवारीला, गच्चीवर मी दोन-तीनशे फोटो काढते. वहीत एक जातो. बाकीचे वाईट असतात असं नाही, पण पतंगाचे पाच फोटो एकत्र टाकले की पाचही पतंगाचेच होतात. त्यापेक्षा एक मांज्याने कापलेल्या बोटाचा.

आणि परत जाणं. एकाच जागी, पुन्हा पुन्हा. पॅरिसला यूजीन आत्झे नावाचा एक छायाचित्रकार होऊन गेला (१८५७–१९२७). तीसेक वर्षं तो जुन्या पॅरिसच्या गल्ल्या, दुकानं, जिने, दरवाजे यांचे फोटो काढत हिंडला. शहर बदलत होतं आणि हा पाडलं जाण्याआधीचं सगळं टिपत होता, प्रत्येक काचेला क्रमांक आणि जागेचं नाव देऊन. हयातीत त्याला कलावंत म्हणून फारसं कुणी विचारलं नाही. तो गेल्यावर बेरेनीस ॲबट या अमेरिकन छायाचित्रकर्तीने त्याच्याकडचा मोठा साठा वाचवला. आज जुनं पॅरिस बघायचं तर लोक आत्झेकडे जातात. सुरतेत सध्या तेच चाललंय. जानेवारी २०२१ मध्ये मेट्रोची पायाभरणी झाली आणि त्यानंतर चौक बाजारपासून स्टेशनपर्यंत जुन्या शहरात पत्र्याच्या भिंती उभ्या राहिल्या. मी किल्ल्याजवळच्या पुलावरून दर सुटीत एक फोटो घेते, त्याच खांबापाशी उभी राहून. एकेकटा फोटो कंटाळवाणा आहे. सात एकाखाली एक लावले की लोक मोठे करून बघतात, काय गेलं, काय आलं. फ्लाइंग राणीचंही तसंच. सुरतेची मंडळी पहाटे त्या गाडीने मुंबईला कामाला येतात आणि रात्री परततात. १९७९ पासून तिला दुमजली डबे होते, जुलै २०२३ मध्ये ते काढले. आमच्या चाळीतल्या एका काकांकडे वरच्या मजल्यावरून, खिडकीतून काढलेला प्लॅटफॉर्मचा फोटो आहे. प्लॅटफॉर्म त्यांच्या नजरेपेक्षा खाली. असा फोटो आता निघणारच नाही.

आता तंत्राचं थोडं, आणि तेही एकाच जागेबद्दल, कारण तिथे मला खूप जणांनी विचारलं. लूमच्या कारखान्यात (आमच्याकडे त्याला 'खातं' म्हणतात) मोबाइलने फोटो काढला की आडवे काळे पट्टे येतात. मोबाइल बिघडलेला नसतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि बरेच स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही. मोबाइलचा सेन्सर मात्र चित्र एका झटक्यात घेत नाही, वरून खाली ओळीओळीने घेतो. शटर फार वेगात असेल तर काही ओळी दिवा उजळ असताना घेतल्या जातात, काही मंद असताना. तेच ते पट्टे. उपाय असा, की 'प्रो' मोडमध्ये जाऊन शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवायचं, म्हणजे प्रत्येक ओळीला दिव्याची पूर्ण चढ-उतार मिळते. १/५० ला हात हलतो, तर कोपर भिंतीला टेकवा. यंत्राचे हलते भाग मात्र पुसट येतील. येऊ द्यात. माणूस स्थिर आणि भोवतीचं सगळं धूसर, हे खात्यातल्या बारा तासांच्या पाळीचं बऱ्यापैकी खरं चित्र आहे.

पण खात्यातला खरा प्रश्न शटरचा नाही. आमच्या गल्लीतले एक काका, धुळे जिल्ह्यातले, पंचवीस वर्षं लूमवर. मजुरी मीटरवर. त्यांचा फोटो काढायचा म्हटल्यावर म्हणाले, "काढ पोरी, पण चेहरा नको. शेठ बघेल." मग मी हात, ताणा आणि पाठमोरे काका असा फोटो घेतला. घरी येऊन मोठा करून बघितला तर मागच्या भिंतीवर कॅलेंडर, त्यावर पेढीचं ठसठशीत नाव. यंत्रावर रंगवलेला नंबर. पलीकडच्या पोराच्या टी-शर्टावर छापलेलं नाव. चेहरा नसूनही त्या खात्यातल्या कुणालाही काका दोन सेकंदांत सापडले असते. सगळं कापलं, तेव्हा हात आणि ताणा उरला.

मग ओळ. काकांशी तासभर बोलले होते, त्यातून अकरा ओळी लिहिल्या आणि टाकण्याआधी त्यांना वाचून दाखवल्या. हे मी नेहमी करते, आणि मोठ्याने वाचते. हातात मोबाइल देऊन "बघा बरं का" म्हटलं की माणसं न वाचता मान डोलावतात. काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि एक वाक्य काढायला लावलं. त्या अकरांतलं सगळ्यात चांगलं वाक्य होतं ते, त्यांचंच, त्यांच्याच शब्दांत. काढलं. ते मी इथेही लिहीत नाहीये. फोटोला दाद देणारे तीनशे जण रविवारी दुपारपर्यंत विसरतात, सोमवारी सकाळी पाळीवर जायचं असतं ते काकांना.

बायकांच्या बाबतीत उलटं घडतं. आमच्याकडे घरोघरी बायका साड्यांना टिकल्या चिकटवायचं, दोरे कापायचं काम करतात, साडीमागे ठरलेल्या पैशांवर. पहिल्यांदा मोबाइल काढला तर शेजारच्या आजी म्हणाल्या, "काय फोटू काढी ऱ्हायनी व बेटा, थांब." आणि आत जाऊन नेसती साडी बदलून, केस विंचरून आल्या. छायाचित्रणाची पुस्तकं सांगतात, माणसाला सहज असताना टिपा, पोझ नको. आजींना पोझ हवी होती. दिवसभर दुसऱ्याच्या साड्या मांडीवर घेऊन बसणाऱ्या बाईला स्वतःच्या चांगल्या साडीत दिसायचं असेल तर ते 'खोटं' कसं? मी दोन्ही फोटो घेतले, दोन्ही त्यांना दाखवले, त्यांनी दोन्ही चालतील म्हटलं तेव्हा शेजारी शेजारी लावले. 'पारी' हे पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं ग्रामीण भारताचं संकेतस्थळ मराठीतही आहे, ते जरूर बघा. तिथे फोटोखाली 'एक शेतमजूर' एवढ्यावर भागवत नाहीत, माणसाचं नाव देतात. फोटोखालच्या ओळीचा याहून चांगला वर्ग मला माहीत नाही. लहान मुलांबाबत माझा नियम सरळ आहे : चेहरा नाही, शाळेचा बिल्ला नाही.

ज्याचा फोटो त्याचं नाव, आणि ज्याने काढला त्याचंही. होमाई व्यारावाला हे नाव तुम्ही ऐकलं असेल. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३, नवसारीचा, म्हणजे सुरतेपासून रेल्वेने अर्ध्या तासावर. शिक्षण मुंबईला, जे. जे. मध्ये. सुरुवातीचे त्यांचे काही फोटो छापून आले ते पती माणेकशा यांच्या नावावर. नंतर त्यांनी 'डालडा १३' हे टोपणनाव घेतलं. तेही गमतीदार : जन्मसाल १३, पतीची पहिली भेट तेराव्या वर्षी, आणि गाडीचा नंबर डीएलडी १३. नेहरू, माउंटबॅटन, गांधीजींची अंत्ययात्रा, स्वातंत्र्याच्या आगेमागची दिल्ली आपल्या डोळ्यांपुढे येते त्यात त्यांच्या कॅमेऱ्याचा वाटा केवढा तरी. १९७० च्या सुमारास त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. पद्मविभूषण मिळालं २०११ मध्ये, आणि २०१२ च्या जानेवारीत वडोदऱ्यात त्या गेल्या. त्यांचे फोटो आपण शाळेच्या पुस्तकांत, वर्तमानपत्रांत बघत आलो, खाली नाव नसलेले. म्हणून दुसऱ्याचा फोटो वहीत घेताना मी काढणाऱ्याचं नाव पहिल्या ओळीत देते. कायद्याचंही थोडं लक्षात ठेवा : आपल्याकडे छायाचित्राचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं असतो आणि तो मुळात काढणाऱ्याचा. मात्र कुणी पैसे देऊन काढून घेतला, उदाहरणार्थ लग्नाची ऑर्डर, आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर काढून घेणाऱ्याचा. आपल्यातले जे लग्नसराईत ऑर्डरी घेतात त्यांनी दोन ओळींचं लेखी ठरवून घ्यावं, म्हणजे नंतर तेच फोटो आपल्या पानावर लावताना पंचाईत नको.

वहीची सगळ्यात मोठी वाढ झाली ती मी न काढलेल्या फोटोंमुळे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सोडलं आणि तापीने सुरतेचा मोठा भाग बुडवला. आमच्या भागातल्या माणसांना विचारलं काय काय गेलं, तर फ्रीज, गोधड्या, धान्य हे सांगून झाल्यावर थांबून म्हणतात, "आणि अल्बम." जे वाचले त्यांतले बरेच एकमेकांना चिकटलेले. कागदी फोटोवर जिलेटिनचा थर असतो, तो भिजला की फुगतो, चिकट होतो, आणि तसाच सुकला की समोरच्या फोटोला किंवा प्लास्टिकला कायमचा धरून बसतो. म्हणून असा प्रसंग कधी आला तर (न येवो) भिजलेला गठ्ठा तसाच उन्हात ठेवू नका. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हलक्या हाताने एकेक सुटा करा, पृष्ठभागाला बोट न लावता, आणि चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवा. दोनेक दिवसांत हात लावणं जमणार नसेल तर मधे मेणकागद घालून पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवता येतात. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेले असतील तर पाण्यात घालू नका, शाई उतरते.

वाचलेले फोटो मी घरोघरी जाऊन मोबाइलवर उतरवून घ्यायला लागले. खिडकीजवळ, थेट ऊन नाही अशा जागी, फ्लॅश बंद, मोबाइल फोटोला अगदी समांतर. आणि प्रत्येकाची मागची बाजूसुद्धा. हे विसरू नका. मागे स्टुडिओचा शिक्का असतो, पेन्सिलीने तारीख असते, कधी 'ती. बापूंस सा. न.' असतं. समोर चार चेहरे असतात, पण ते कोण, हे मागे असतं. मागे काही नसेल तर मग माणसंच उरतात. आमच्या आजीच्या अल्बममध्ये चाळीसेक चेहरे आहेत. आजी आता ऐंशीच्या पुढे. त्यातले निम्मे फक्त तिलाच ओळखू येतात, बाबांनाही नाहीत. त्यामुळे सुटीत गेले की रोज संध्याकाळी चहानंतर दोन फोटो, जास्त नाही, ती थकते. ती बोलते, मी रेकॉर्ड करते, रात्री ओळी लिहिते. "ही तुझ्या आज्याची मावसबहीण, शिरपूरची. हिच्या लग्नात पाऊस इतका, की वऱ्हाड तीन दिवस अडकलं." पाऊस फोटोत नाही.

असे फोटो टाकले की वाचक आपोआप कामाला लागतात. "मागे दिसतंय ते उधन्याचं जुनं थेटर का?" "नाही हो, त्या साली ते नव्हतं." एका फोटोवर चार दिवस वाद चालला होता, शेवटी एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याने मागच्या इंजिनावरून काळ सांगितला. मी ओळ बदलते तेव्हा कुणी काय सांगितलं तेही लिहिते. माणसं आपलं नाव बघायला परत येतात, आणि येताना भावाला घेऊन येतात. वाढ-वाढ म्हणतात ती मला तरी एवढीच ठाऊक आहे.

साठवणीचं एका दमात : मूळ फोटो कधी पुसायचा नाही. टाकण्यासाठी लांब बाजू दोनेक हजार पिक्सेलची वेगळी प्रत करायची. फाइलचं नाव तारखेने सुरू करायचं, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग जागा, म्हणजे आपोआप क्रम लागतो. तीन प्रती ठेवायच्या, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. तापीकाठच्या माणसाला हे का, ते सांगावं लागत नाही. आणि दृष्टिहीन वाचकांसाठी चित्राचं वर्णन लिहायचा रकाना बहुतेक ठिकाणी असतो, तो भरायचा. तिथे मात्र जे दिसतंय तेच लिहायचं.

या दिवाळीत आजीच्या अल्बमचं शेवटचं पान घेणार आहे. त्यावर एकच मोठा फोटो आहे, लूमच्या खात्यासमोर उभे असलेले नऊ जण, मागे काही लिहिलेलं नाही, स्टुडिओचा शिक्काही नाही. फोनवर आजीने आठ नावं सांगितली, गावांसकट. तेवढी ओळ मी टाकली आहे, 'डावीकडून तिसरे : नाव मिळालेलं नाही' असं लिहून. धुळे, शिरपूर, नंदुरबारकडच्या कुणाच्या घरात टोपी किंचित तिरकी घालणारे, उजवा हात खिशात ठेवून उभे राहणारे आजोबा होते का, विचारून बघा.